जारी, फरशी आणि ओनो-सान

बागेत वाट करायला निघाला की माणसाचा खरा स्वभाव बाहेर पडतो. घर घेताना तो बँकेचं ऐकतो, सोफा घेताना बायकोचं ऐकतो, पण फाटकापासून दारापर्यंतच्या त्या चार पावलांसाठी मात्र स्वतःचं डोकं चालवतो! आणि मग किस्से होतात. मी टोकियोत फुनाबोरीजवळच्या एका होम सेंटरमध्ये अशा वाटांचंच सामान विकायचे, त्यामुळे माझ्याकडे ते न मागता साठत गेले. आता कुणाकडे जेवायला गेलं की पानात भाजी पडायच्या आत फर्माईश येते, "अगं, तो अण्णांचा सांग ना!" मग एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि कढी गार होते.

होम सेंटर म्हणजे स्क्रूपासून कुत्र्याच्या खाण्यापर्यंत सगळं मिळणारं अवाढव्य दुकान. आत एसी, बाहेर उघडं आवार. त्या आवारात विटा, फरशा, दगड, खडी, वाळू. तिथले प्रमुख ओनो-सान; सान म्हणजे आपलं राव किंवा बाई. पन्नाशीचे, सडपातळ, हातात कायम एक रबरी हातोडी. आणि त्यांच्या हाताखाली पार्टटाइम मी.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतरची ती वर्षं. आमच्या भागातली घरं तशी शाबूत राहिली, पण बागांमधल्या वाटा कुठे खचल्या होत्या, कुठे तडकल्या होत्या. जो तो वाट नव्याने करायला निघालेला. त्यात निशी-कसाई या भारतीय वस्तीतल्या फ्लॅटमधून निघून आमच्या बाजूला छोटी घरं घेतलेली आपली मंडळी. त्यांना जपानी येईना, ओनो-सानना इंग्लिश येईना. मला दोन्ही थोडं थोडं येत होतं. झालं!

*

ओनो-साननी माझी मुलाखत आवारातच घेतली. उभ्या उभ्या.

"बागकामाचा अनुभव?"

"पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत एक तुळस होती."

"होती?"

"वाळली."

ओनो-साननी हातातली हातोडी खाली ठेवली. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "काम जड आहे. बायकांना कठीण जाईल." उदाहरणादाखल त्यांनी भिंतीला टेकवलेला एक जाडजूड गोल दगड दाखवला. "आता हा इथून तिथे न्यायचाय, तर दोन माणसं लागतात."

मी ओढणी कमरेला खोचली. दगड जरा कलता केला आणि त्याच्याच कडेवर गोल गोल फिरवत नेऊन ठेवला पलीकडे.

ओनो-सानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे... हे कुठे शिकलात?"

"स्वयंपाकघरात!"

गॅसचा भरलेला सिलिंडर आयुष्यभर एकटीने फिरवलेल्या बाईला दगडाचं काय सांगता! पण हे जपानीत समजावता येईना, म्हणून मी नुसतीच हसले. नोकरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी बिल्ला मिळाला. त्यावर आडनाव, "जोशी". आता जपानीत जोशी म्हणजे बाई. महिलांच्या प्रसाधनगृहावर हाच शब्द. पहिलंच गिऱ्हाईक आलं, एक आजोबा. त्यांनी बिल्ला वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत बिल्ला वाचला, आणि म्हणाले, "ते दिसतंय हो. नाव काय?"

*

खडीला जपानीत म्हणतात जारी. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

निशी-कसाईला मंडळाचा गणपती होता. तिथे मला केळकरवहिनी भेटल्या. त्यांनी नुकतंच फुनाबोरीला घर घेतलं होतं. माझी-त्यांची तशी तोंडओळखच. आरती संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू म्हणे जरीचं काम करतेस?"

लाऊडस्पीकर चालू. मला ऐकू आलं, जारीचं.

"हो ना वहिनी, दिवसभर तेच."

"खरी असते?"

"अगदी खरी. प्लास्टिकचीपण येते, पण उन्हाने तिचा रंग उडतो."

"रंग कुठले?"

"पांढरा, करडा, एक सोनेरी झाक असलेली आहे. ती फार उठून दिसते."

वहिनींचे डोळे चमकले. "मला काठाला हवी होती गं."

"काठाला तर सुंदरच! मधे फरशी आणि दोन्ही काठांना जारी."

"मधे फरशी?" वहिनींना वाटलं, हा विणकामाचा काहीतरी नवा प्रकार असणार. त्यांनी मान डोलावली. "आणि धुवायची कशी?"

"काही नाही, पाईपने पाणी मारायचं. फारच मळली तर खराटा!"

वहिनी जरा थबकल्या. "खराटा चालतो?"

"न चालायला काय झालं? माणसं चालतात तिच्यावर, सायकली जातात. तुम्हाला तीन पोती पुरतील. ट्रकने घरपोच देतो आम्ही."

वहिनी माझ्या कानाशी आल्या आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं, एका पैठणीला तीन पोती?"

*

पैठणी राहिली बाजूला, पण वहिनी त्याच आठवड्यात दुकानात आल्या आणि खरोखरच जारी घेऊन गेल्या. त्यांच्या गल्लीतल्या कुणाची तरी सायकल चोरीला गेली होती, म्हणून त्यांनी घेतली चोर पकडायची खडी. हो, अशी मिळते! वजनाला हलकी असते आणि पाऊल पडलं की करकर करकर असा आवाज काढते. मांजर गेलं तरी घरात कळतं.

चोर काही आला नाही. सापडले अण्णा!

अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे. ठाण्याहून मुलाकडे राहायला आलेले, बँकेतून रिटायर, गोड स्वभावाचे आणि गोडाचेच भोक्ते. शुगर वाढलेली. त्यांना बाहेर जायचं ते वहिनींबरोबरच, असा घरचा नियम. पण कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे त्या चोवीस तास उघड्या दुकानात, गोड वाटलेली डाळ भरलेला पाव मिळतो. अण्णांना त्यात पुरणपोळी भेटली. वहिनी वर ऑफिसच्या कॉलवर असल्या की अण्णा हळूच सटकायचे.

खडी पडली आणि सगळा ग्रंथ आटोपला. करकर... वरून वहिनी, "अण्णा, कुठे?" खालून अण्णा, "कुठे नाही, हवा बघतोय!"

दोन दिवसांनी अण्णा विचारत विचारत माझ्या दुकानात हजर. खडीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "काय गं, हिचं म्यूटचं बटण कुठे असतं?"

ओनो-सानना वाटलं, म्हातारबाबा चोराला घाबरलेत. त्यांनी नवीन आलेली, आणखी मोठ्याने वाजणारी खडी आणली आणि तिच्यावर उड्या मारून दाखवल्या. अण्णा विषण्ण चेहऱ्याने बघत राहिले.

पुढे महिनाभर गंमत झाली. वहिनी मला म्हणायला लागल्या, "अगं, त्या खडीत काहीतरी दोष आहे. अण्णा आत येताना ऐकू येतात, बाहेर जाताना ऐकूच येत नाहीत!" विचारलं तर अण्णांचं उत्तर ठरलेलं, "फाटकाशी पत्रं बघत होतो. मी कशाला कुठे जातोय?"

तर त्याचं असं होतं. इथे वॉर्डाचे भोंगे असतात, भूकंपाची वगैरे सूचना द्यायला. ते चालू आहेत ना, हे बघायला रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्यावर एक गाणं वाजवतात. सगळ्या गल्लीत घुमतं ते. अण्णा पावणेपाचपासूनच बूट घालून दारात बसायचे. गाणं सुरू झालं की निघाले, सूर संपायच्या आत फाटकाबाहेर!

मग थंडी सुरू झाली. थंडीत अंधार लवकर पडतो, म्हणून भोंगा अर्धा तास आधी वाजतो. ज्या दिवशी वेळ बदलली, त्याच दिवशी अण्णा दुपारी जरा डोळा लागून उशिरा उठले, घाईने पाचला दारात आले, गाण्याची वाट बघितली, गाणं येईना. वाटलं, आता लागेलच. टाकलं पाऊल. करकर करकर! निम्म्या वाटेत वहिनी समोर उभ्या!

पुरणाच्या पावाची सगळी हकिगत त्यांना सांगावी लागली. पण अण्णांना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मला भेटल्यावर म्हणाले, "जपानी माणूस वेळ पाळतो म्हणतात ना, ते साफ खोटं आहे!"

*

देशमुख साताऱ्याचे. सॉफ्टवेअरमध्ये. सहा फुटांच्याही वर उंची, आवाज त्याहून उंच. त्यांना वाटेवर काळी पॉलिश केलेली फरशी हवी होती, आरशासारखी. गावाकडच्या नव्या बंगल्यात आहे तशी.

आता इथे ओनो-सानांची अडचण सांगायला हवी. ओनो-सान कुणालाही "नाही" म्हणत नाहीत. फारच अशक्य असेल तर मान वाकडी करतात, दातांतून हवा आत ओढतात आणि म्हणतात, "चोत्तो..." शब्दाचा अर्थ "जरासं", पण गिऱ्हाइकाने त्यातून समजून घ्यायचं, की बाबा, हे नको.

मी त्या वेळी गल्ल्यावर होते. देशमुखांनी चकचकीत फरशीवर हात ठेवला. पावसात घसरतील म्हणून ओनो-साननी मान वाकडी केली. "चोत्तो..."

"छोटा?" देशमुख म्हणाले. "बरोबर आहे. मोठा पीस दाखवा!"

ओनो-साननी गोंधळून मोठी फरशी दाखवली. देशमुखांनी तिच्यावर हात ठेवला. ओनो-सान कळवळून म्हणाले, "चोत्तो..."

"अजून छोटाच? माणूस दिलदार आहे! याच्याहून मोठा!"

मी पोचेपर्यंत आवारातली सर्वांत मोठी फरशी ट्रकवर चढली होती, आणि ओनो-सान घाम पुसत तिच्याकडे बघत होते.

पहिल्या पावसात देशमुख स्वतः आपटले, दुसऱ्यात पेपरवाला. मिसेस देशमुखांनी, म्हणजे सायलीने, दारात दोरी बांधली. फक्त कुरियरवाला खूश. तो फाटकात यायचा, वाकायचा आणि पार्सल सोडून द्यायचा. सुळ्ळकन थेट दाराशी!

*

फरशी काढावी लागली. मग देशमुखांनी ठरवलं, आता जपानी पद्धत. मातीत एकेक सुटा दगड बसवायचा आणि त्यावरून पावलं टाकत जायचं. यासाठी आधी घरातल्या माणसांची चाल बघतात. मी तसं सांगितलंही. देशमुख म्हणाले, "माझीच बघितली!"

त्यांची ढांग म्हणजे सायलीच्या दोन. सायली जेमतेम पाच फूट. तिला एका दगडावरून दुसऱ्यावर जायचं तर उडी मारावी लागे, आणि मुलांनी तर पहिल्याच दिवशी त्याचा लंगडीचा डाव करून टाकला. शाळेत जाताना लंगडी, येताना लंगडी. हातात भाजीच्या पिशव्या असल्या की सायलीलाही उडीपेक्षा लंगडीच सोपी पडायला लागली.

समोर सासाकी-सान नावाच्या बाई राहतात. अतिशय शालीन. गल्लीत सूचनांची पाटी घरोघर फिरवायची पद्धत आहे, ती एक दिवस त्यांनी देशमुखांकडे आणली. सायली खिडकीतून बघत होती. सासाकी-सान फाटकात थांबल्या. खाली वाकून नमस्कार केला. मग पाटी छातीशी धरली, उजवा पाय उचलला आणि टुण्... टुण्... लंगडी घालत निघाल्या! रोज बघत होत्या ना, त्यांना वाटलं, भारतीयांच्या घरी असंच जायचं असतं.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार?" सायली म्हणाली. "पाहुणा लंगडी घालत येतोय म्हटल्यावर आपण चालत सामोरं जाणं बरं दिसतं का? मीपण गेले लंगडी घालत!"

मधल्या दगडावर दोघींनी एका पायावर उभं राहून पाटी दिली-घेतली.

अजूनही सुपरमार्केटमध्ये भेट झाली की सासाकी-सान आधी वाकतात आणि मग एक पाय जरासा उचलतात.

*

मधे देशमुखांच्या आई आल्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. लंगडी बघून त्यांनी पहिल्याच दिवशी लेकाला फैलावर घेतलं, "म्हातारी मेली तर तिरडीबी उड्या मारत न्यायची का रं?" मग सायली त्यांना घेऊन दुकानात आली, मधल्या जागेत बसवायला आणखी दगड घ्यायला.

आमच्या आवारात शिरतानाच ओनो-साननी एक नमुन्याची वाट केली होती, गोल दगडांची. दगडांवर टाकीने घातलेल्या तिरप्या रेघा. आक्का पहिल्या दगडाशी येऊन थांबल्या. वाकून बघितलं. पायातली चप्पल काढली.

"सायली, ही तर जाती हैत!"

होतीच ती. इथे जुन्या शेतकऱ्यांच्या घरातली जाती बागेत पायवाटेला वापरतात. दिसायला छान दिसतात म्हणून आता तशी नवीही करतात. मी रोज त्यांच्यावरून ये-जा करत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता!

आक्का जात्यांना वळसा घालून, कडेच्या चिखलातून आत आल्या. ओनो-सान धावले, "अहो, वाट इकडे आहे!" आक्कांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "इचार त्याला, तुज्या घरचं जातं कुठाय?"

मी विचारलं. ओनो-सानना आठवावं लागलं. गावाकडे, आईच्या बागेत. विहिरीकडे जायच्या वाटेवर.

"म्हंजी पायाखाली?"

"हो."

"ज्याचं पीठ खाऊन मोठा झाला, त्याच्यावर पाय देतोस व्हय? लाज न्हाई वाटत?"

हे मी जरा सौम्य करून सांगणार होते, पण आक्कांचा आवाज आणि हात यांचं भाषांतर करायची गरजच नव्हती. ओनो-सान खूप खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

त्या दिवसापासून मलाही त्या दगडांवर पाय ठेववेना. मी कडेने जायला लागले. सायली कडेने, केळकरवहिनी कडेने. चिखलात एक नवी पाऊलवाट पडली. शेवटी ओनो-साननी तिच्यावर बारीक खडी टाकली.

नवीन वर्षाच्या सुट्टीत ते गावी गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "जोशी-सान, मी जातं उकरलं. धुतलं आणि घरात ओट्यावर ठेवलं. आईने विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, एक भारतीय आजी मला खूप रागावल्या."

"मग आई काय म्हणाल्या?"

"आई म्हणाली, ते वाटेत पुरल्यापासून मी त्याला वळसाच घालते. तुझ्या बाबांनी ठेवलं होतं तिथे. मला कुणी विचारलंच नाही."

*

आता साठ्यांचा. हा खरं तर मी नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षातला, पण सांगताना मी नेहमी मागे ठेवते.

साठे म्हणजे अगदी शांत माणूस. ऑफिस आणि घर. फुनाबोरीत एक जुनं बैठं घर भाड्याने घेतलेलं. भूकंपात घराला काही झालं नाही, पण फाटकापासून दारापर्यंतची सिमेंटची वाट मधोमध दुभंगली. त्याच आठवड्यात त्यांची बायको मंजिरी छोट्या इराला घेऊन पुण्याला गेली. तेव्हा बऱ्याच जणी गेल्या होत्या. बाकीच्या हळूहळू परतल्या. मंजिरी येईना.

यायचं नव्हतं असं नाही. पण तिची आई नव्हती, ही एकुलती एक. आणि बाबा म्हणायचे, "जमीन थांबली की जा." इकडे जमीन काही थांबत नव्हती. दर दोन-चार दिवसांनी बारीकसा हादरा बसायचा, बाबा तो इंटरनेटवर आमच्या आधी वाचायचे, आणि म्हणायचे, "जायचं तर जा बाई. माझ्या मनाविरुद्ध जा." आता या वाक्यावर कुठली मुलगी बॅग उचलेल?

साठ्यांच्या घरमालकीण म्हणाल्या, वाट तुम्हाला हवी तशी करून घ्या. म्हणून साठे आमच्याकडे आले. दर रविवारी यायचे आणि व्हिडिओ कॉल लावून मंजिरीला एकेक वस्तू दाखवायचे. ही वीट, ही फरशी, ह्या लाकडाच्या ढलप्या. "तुला काय आवडतं ते सांग." मंजिरी फोनमध्ये, आणि तिच्या मागे उघडलेला पेपर. त्या पेपरमागे बाबा.

मंजिरी म्हणाली, "लाल वीट छान आहे."

पेपरमागून आवाज आला, "कच्ची दिसतेय. वाजवून दाखवायला सांग."

मी दोन विटा एकमेकींवर आपटल्या. टण्ण! पेपर जरा खाली आला. "हं. भाजलीये बरी."

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आयुष्य कालव्यांवर गेलेलं, आणि आता दिवसभर करायला काही नाही. पुढच्या रविवारी पेपर नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी बाबा पुढे आणि मंजिरी मागे. "खाली खडीचा थर किती? ठोकणार कशाने? वाळू धुतलेली आहे का? जावईबापू, तुम्ही बाजूला व्हा, त्या ओनोंना द्या फोन!" मग बाबा पुण्याहून विचारणार, ओनो-सान टोकियोहून उत्तर देणार, आणि मी मधे उभी. ओनो-सान पण रंगात यायचे. हातोडीने ठोकून दाखवायचे. बाबा म्हणायचे, "माणूस कामाचा आहे."

बाबांच्या सांगण्यावरून सिमेंट टाळलं. वाळूवर विटा बसवायच्या ठरल्या, म्हणजे जमीन हलली तर काढून परत लावता येतात. साठे सुट्टीच्या दिवशी एकेक ओळ लावायचे. हात सोलवटलेले, पण माणूस बोलायला लागला होता. एकदा वाळूची पिशवी उचलता उचलता मला म्हणाले, "वहिनी, इराने काल फोनवर मला काका म्हटलं." आणि पिशवी घेऊन गेले.

वाट पुरी झाली, त्या रविवारी ओनो-सान आणि मी शेवटची वाळू पोचवायला व्हॅन घेऊन गेलो होतो. बाबा फोनवर हजर होतेच. साठ्यांनी सगळी वाट दाखवली. बाबांनी बारकाईने बघितली आणि म्हणाले, "शाबास. आता पाणी ओता."

साठ्यांनी झारीने पाणी ओतलं. पाणी क्षणभर विटांवर थांबलं. मग निघालं... दाराकडे! सरळ चपला-बुटांच्या पायरीशी जाऊन साचलं.

"अरे... अरे! घरात चाललंय!"

"चाललंय का?" साठे म्हणाले.

"दिसत नाही तुम्हाला? उतार उलटा काढलात की हो! पहिल्या पावसात दारात तळं होईल!"

"मग आता काय करू, बाबा? मला हे काही जमायचं नाही."

"हात लावू नका! कशालाही हात लावू नका!" बाबा उभे राहिले, आम्हाला फक्त शर्टाची बटणं दिसायला लागली. "पोरीचे बूट कुठे ठेवणार तिथे? सर्दीने आजारी पडेल ती! याच्या भरवशावर घर सोडायचं म्हणजे... मंजू! ए मंजू! बॅग भर! तू स्वतः जाऊन उभी राहा तिथे आणि उतार काढून घे! माझी लेव्हलची नळी ने, कपाटात वरच्या फळीवर आहे!"

फोन कुठेतरी उताणा ठेवला गेला. पडद्यावर पुण्याचा पंखा फिरत होता, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

साठे झारी हातात धरून खाली विटांवरच बसले.

परत येताना व्हॅनमध्ये मी ओनो-सानना सांगितलं, की बायको आणि मुलगी येतायत. ते खूप खूश झाले. मग सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा जरा संकोचून म्हणाले, "जोशी-सान, एक विचारू? साठे-सान उतार मोजायची लेव्हल माझ्याकडूनच घेऊन गेले होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, उतार घराकडे काढायचा असेल तर कसा काढायचा. मी म्हटलं, अहो, उलटं होईल. ते म्हणाले, हो, तसंच हवंय." ओनो-साननी माझ्याकडे बघितलं. "भारतात पाणी घरात घ्यायची पद्धत असते का?"

मी म्हटलं, "कधीकधी."